रॉकवूल आणि आपला माणूस

१४ मे. वरच्या मजल्यावर बांधलेल्या नव्या खोलीच्या छतात आणि रस्त्याकडच्या भिंतीत भरायचा, ऊन आणि आवाज अडवणारा माल उतरवून घ्यायचा होता. खोली मुलीसाठी. ती इथे भोपाळातच साकेत नगरच्या इस्पितळात नर्स आहे, निम्मा महिना रात्रपाळी. तिला दिवसा झोप हवी, आणि आमच्या घरासमोरून ट्रक सकाळपासून भोंगे वाजवत जातात, वर स्लॅब तव्यासारखा तापतो. अपुऱ्या झोपेने दोनदा तिची स्कूटर घसरली होती. तिसऱ्यांदा मला नको होतं.

आनंद नगरच्या दुकानदाराने आधीच सांगितलं होतं, "मॅडम, थर्मोकोल गर्मी रोकेगा, आवाज़ नहीं. दोनों चाहिए तो रॉकवूल लीजिए." मला पटलंही. पण माल आणायला नवऱ्याने ठेकेदार धरला तो आमच्या गणेशोत्सव मंडळातला, अमरावतीचा. "आपला माणूस आहे, फसवणार नाही." भोपाळात इतकी वर्षं काढूनही कुणी "काय वहिनी" म्हटलं की आम्ही विरघळतो. मीही विरघळले. नमुनासुद्धा मागितला नाही.

दुपारी टेम्पोतून काळ्या पॉलिथिनचे गठ्ठे उतरले. पहिलाच हाताला ओलसर लागला. सुरीने फाडला. आत जुन्या एसीच्या नळांवरून उपटलेली पिवळट ग्लासवूल, उंदरांच्या लेंड्या आणि तळाशी चपटं झालेलं एक कुजकं पिल्लू. मुताचा असा भपकारा आला की अंगणातच मला ओकारी झाली.

"हे काय आहे?"

"मंडीदीपचा माल आहे, वहिनी. कारखान्यातला, पक्का."

"आपलं रॉकवूल ठरलं होतं."

"तसंच आहे हे. वरून जिप्समचा बोर्ड लागला की आतलं कोण पाहून राहिलं?"

"त्याच्या खाली माझी मुलगी झोपणार आहे."

नवरा कुजबुजला, "अगं, हळू. मंडळात तोंड दाखवायचंय."

"खुशाल दाखवा. जाताना एक गठ्ठा न्या, त्यांनाही वास घेऊ दे."

ठेकेदार हसला. उंदरापेक्षा ते हसू किळसवाणं होतं. सगळे गठ्ठे टेम्पोत परत चढेपर्यंत मी तिथून हलले नाही. हात तीनदा धुतले, तरी वास नखांत राहिला. माझीही मला शिसारी आली: ज्या दुकानदाराने खरं सांगितलं त्याला मी केवळ भाषेवरून परका ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरी पिशवीत टाकून त्या दुकानात गेले. रॉकवूलचा गठ्ठा न् गठ्ठा फाडून हुंगला.

"मॅडम, इसे सूंघता कौन है?" दुकानदार म्हणाला.

"मैं," म्हटलं, आणि मगच माल गाडीत चढवू दिला.