मापटंभर भुगा

बारामतीपासून इंदापूरपर्यंत माझ्या मामांइतका भित्रा माणूस झाला नाही, आणि इतक्या भित्र्या माणसाने इतका धोक्याचा धंदाही कधी केला नसेल. पन्नास सालानंतरची ती वर्षं. रस्त्यांवर ट्रक वाढले होते, नवे टायर मिळता मिळत नव्हते आणि मामा पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या रबराला पुन्हा कामाला लावत होते. फुटके टायर किसून भुगा करायचा, उसाच्या चरकासारख्या दोन रुळांमधून तो नव्या रबरात मळायचा, मग झिजलेल्या टायरवर त्याचा जाड थर चढवून वाफेच्या साच्यात शिजवायचा. साचा उघडताना ते तोंड फिरवून उभे राहत. टायर निवला की त्याला कान लावत, लाकडी हातोडीने ठोकत आणि आजाऱ्याला विचारावं तसं विचारत, "बरं हाय न्हवं?" दिवाळीत कानात कापसाचे बोळे घालून घरात बसत, कारण प्रत्येक फटाका त्यांना आपलाच टायर वाटे.

पण त्यांचा एक नेम होता. टायर गाडीला लागला की पहिल्या फेरीला गाडीत बरोबर त्याच चाकाच्या वर स्वतः बसायचं. "फुटला तर आदी माजं काय व्हायचं ते हुं दे," म्हणायचे. असे ते पोत्यांवर बसून वालचंदनगरला जात आणि मारुतीचं नाव घेत परत येत. एकदा मी सोबत गेलो. त्यांनी मारुतीचं नाव इतकं घेतलं की अर्ध्या वाटेपर्यंत मीही घेऊ लागलो.

एकदा मामा तापाने फणफणले. एका लग्नाच्या ट्रकला टायर हवा होता, म्हणून मामींनी पदर खोचला आणि गड्याला हाताशी घेऊन काम उरकलं. मामा तिसऱ्या दिवशी उठले, तोवर ट्रक वऱ्हाड घेऊन इंदापूरकडे निघालाही होता.

"भुगा किती घातलास?" मामांनी विचारलं.

"तुमी घालता तेवडाच. चार मापटी. पर शिगोशीग हं! माप निपटून द्यायची रीत न्हाय आपल्यात."

मामा भुग्याचं माप नेहमी पट्टीने सपाट करत. भुगा जास्त झाला की थर धरत नाही. त्यांचा चेहरा उतरला, पण मामींना ते एवढंच म्हणाले, "जरा बगून येतो." मग माझा दंड धरून त्यांनी मला इंदापूरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत चढवलं. वाटेतल्या प्रत्येक वळणाला मी डोळे मिटून घेत होतो. पुढे उलटलेला ट्रक दिसेल, असं मला सारखं वाटत होतं. मी आयुष्यात इतका कधी भ्यालो नाही.

निमगाव केतकीला ट्रक इंजिनात पाणी घालायला थांबला होता. मामांनी सगळ्यांना हात जोडून खाली उतरवलं. नवरीचा बाप भडकला, "मुहूर्त टळला तर तुमी देणार हाय का पोरीला नवरा?" मामांनी चाकू काढून मामींनी केलेला टायर गाठला. त्यांनी चाकाच्या कडेला चाकूचं टोक घातलं आणि बोटांनी ओढलं. भाकरीचा पापुद्रा निघावा तसा वीतभर थर हातात आला. नवरीचा बाप चाकाकडे बघत राहिला. "पोरगी ह्याच बाजूला बसली हुती," तो म्हणाला.

ड्रायव्हरने जादा चाक लावलं, लग्न लागलं. परतताना मामांनी मला बजावलं, "हिला कळू देऊ नगंस."

मामींना शेवटपर्यंत कळलं नाही. घरी पाहुणे आले की त्या कौतुकाने सांगायच्या, "माज्या हातच्या टायरवर एक नवरी नांदायला गेली." तेव्हा मामा खाली मान घालून चहा ढवळत राहायचे आणि हळूच माझ्याकडे बघायचे. इतकं भिऊन त्यांनी कुठल्या टायरकडेही कधी पाहिलं नसेल.