ऑइल जाड हवं की पातळ?

वणीत आमचं इंजिन ऑइलचं दुकान आहे. सांडलेलं ऑइल पुसता येतं, किस्से मात्र काउंटरवर साचतच जातात. शेजारी सलीमभाईंचं गॅरेज. मी डबा विकते, ते तो गाडीत ओततात.

*

राजूरच्या खाणीतून रिटायर झालेले उत्तमकाका डबा फिरवून फिरवून वाचत होते. "पोरी, 'पाच डब्ल्यू तीस' म्हंजे काय?"

"डब्ल्यू म्हणजे विंटर, काका. पहिला आकडा थंड इंजिनचा, दुसरा तापलेल्या इंजिनचा. आकडा लहान तितकं ऑइल पातळ."

"मंग डब्ल्यूवालं कायले देतं? वणीत विंटर असते कुठं?"

*

काकांनी जन्मभर डंपर चालवला. नव्या छोट्या गाडीलाही त्यांना जाडच ऑइल हवं होतं. सलीमभाईंनी तासभर समजावून कंपनीनं सांगितलेलं पातळ ऑइल टाकलं.

दुसऱ्या दिवशी काका गाडीसकट घाबरेघुबरे हजर. "सलीम, गाडी गेली वाटते. आवाजच येऊन नाही राह्यला."

सलीमभाईंनी बॉनेटवर हात ठेवला. "चालू आहे काका. नीट चालू आहे, म्हणूनच येऊन नाही राह्यला."

*

एकदा आमच्या यजमानांनी दोन उरलेले डबे घरच्या गाडीसाठी एकत्र केले. एक 'वीस डब्ल्यू पन्नास', दुसरा 'पाच डब्ल्यू तीस'. म्हणाले, "सरासरी काढली. साडेबारा डब्ल्यू चाळीस झालं."

सलीमभाईंनी ते मिश्रण गाडीत जायच्या आधीच उचलून नेलं. गाडी वाचली. यजमान अजून म्हणतात, हिशोब बरोबर होता.

*

मी जेवायला गेले की सासूबाई काउंटरवर बसतात. एकानं त्यांना विचारलं, "आजी, पातळ ऑइल आहे का?"

"पातळ पाहिजे तर दुसरीकडे जाय बाबू. आमच्या इथं भेसळ नसते."

*

माझी धाकटी बहीण प्रणाली केळापूरला दिली आहे. उन्हाळ्यात भरदुपारी तिला कळा सुरू झाल्या. नवरा निलेश तिला गाडीत घेऊन यवतमाळच्या दवाखान्याकडे निघाला. करंजीच्या पुढं ऑइलचा लाल दिवा लागला. त्यानं मला फोन केला. मागून प्रणालीचं कण्हणं ऐकू येत होतं. मी तशीच गॅरेजात धावले. मी फोन सलीमभाईंकडे दिला.

"पहिले इंजिन बंद कर," ते म्हणाले. "आता डिपस्टिक काढून पाह्य."

डिपस्टिक कोरडी होती. जवळच्या दुकानात फक्त ट्रकचं 'पंधरा डब्ल्यू चाळीस' मिळत होतं. निलेशच्या गाडीला लागतं 'पाच डब्ल्यू तीस'.

"तेच टाक. आजच्या दिवस थोडं जाड चालून जाईन. बिना ऑइलचं नाही चालत."

ऑइल पडलं, दिवा विझला, गाडी निघाली. मग बराच वेळ फोन नाही. सलीमभाई उगाच तोच पाना पुसत माझ्या दुकानात उभे होते.

संध्याकाळी निलेशचा आवाज आला, "ताई, पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

मी ऑइलच्या ड्रमवर बसून रडले. सलीमभाई तोंड फिरवून हसत होते.

पुढचं प्रणालीनं सांगितलं. चुकीचा डबा येऊ नये म्हणून निलेश धावत जाताना तो आकडा पुटपुटत होता. ओततानाही, आणि पुढं रस्ताभरही. दवाखान्याच्या दारात नर्सनं घाईत विचारलं, "पेशंटचा ब्लड ग्रुप?"

निलेश एका दमात म्हणाला, "पंधरा डब्ल्यू चाळीस."