मागची भिंत

फोटो काढण्याआधी मागं काय आहे ते पाहायचं, ही आमच्या घरची शिस्त. बाबा जबलपूरजवळ खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला. गेटवर मोबाइल जमा करून आत जायचं, आणि वसाहतीत कुठं भिंत, तार, टाकी दिसली की कॅमेरा बाहेर काढायचा नाही. आमच्या अल्बममधले सगळे फोटो पडद्यासमोरचे! मला याचा भारी वैताग. म्हणूनच की काय, नोकरी लागताच मी कॅमेरा घेतला आणि सुट्टी मिळाली की जवळच्या पनागरची शेतं टिपत हिंडू लागले.

आईचं दुखणं बरं होणारं नाही हे कळलं, तेव्हा तिनं एकच मागितलं, समुद्र. डॉक्टरांनी नाखुशीनंच होकार दिला. वाटभर माझा जीव टांगणीला. तिला धाप लागली की मी बाबांकडे पाहायची आणि बाबा खिडकीबाहेर.

कोकणातल्या त्या किनाऱ्यावर आई साडी उचलून पाण्यात उभी राहिली आणि लाट आली तशी मोठ्यानं हसली. मी फोटो काढत सुटले. तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला. आईच्या मागं, टेकाडावर, लांबच लांब पांढरी भिंत होती आणि तिच्यावर काटेरी तार.

"मिटव ते फोटो. आत्ताच्या आत्ता."

"बाबा, साधंच काहीतरी असेल."

"तुले काय माहीत? कोणी पकडलं तर हिले घेऊन ठाण्यात बसायचं काय?"

आई पाण्यातूनच म्हणाली, "काहून घाबरून राहिले जी? काढू द्या न तिले."

पण बाबांनी माझा हात सोडला नाही. मी चिडून तिथले सगळे फोटो उडवले.

वर रस्त्यावर चहा घेताना मी टपरीवाल्याला त्या भिंतीबद्दल विचारलं. "ती होय? बर्फाचा कारखाना. मासळीला लागतो ना बर्फ." बाबांनी कप खाली ठेवला. आईत पुन्हा पाण्यापर्यंत जायचं त्राण नव्हतं, आणि संध्याकाळी परतीची गाडी होती.

कॅमेऱ्याच्या कार्डावर नवं काही टिपलं नाही तर पुसलेलं परत मिळू शकतं, एवढं मला ठाऊक होतं. दुसरं कार्ड जवळ नव्हतं. खाडीवरचा पूल, पुढं भाताची खाचरं, सगळं नुसतं पाहत आले. कार्ड पाकिटात होतं आणि मी सारखं पाकीट चाचपत होते.

जबलपूरला परतल्यावर कार्ड घेऊन गेले, तर अधारतालचा फोटोच्या दुकानाचा मालक म्हणाला, "देखते हैं दीदी, गॅरंटी नहीं." बाबाही सोबत आले होते. बाकावर बसल्या बसल्या ते सारखे विचारत, "आलं काय?" पडद्यावर आधी पनागरचे वांग्यांचे वाफे आले, मग एक म्हैस, मग नुसते करडे पट्टे. समुद्राचा एकच फोटो अख्खा उघडला. आई हसत होती, आणि मागं ती भिंत.

पावसाळा सरता सरता आई गेली. तो फोटो बाबांनी स्वतः मोठा करून आणला आणि बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या शेजारी लावला. त्यांचा कारखान्यातला जुना सोबती भेटायला आला. फोटोजवळ जाऊन, चष्मा सावरत त्यानं विचारलं, "अच्छा, हे मागं काय आहे रे? भिंत?"

मी बाबांकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, "मागं काय पाहून राहिला? समोर पाहा न."