वासरांची पेंड सशाला

आमच्या गोठ्यात वासरू दगावत नाही. हे मी माझ्या तोंडाने सांगू नये, पण काष्टीच्या आसपासच्या चार गावांतल्या बायका सांगतात, म्हणून मीही सांगते. डेअरीवर दूध घालायला गेले की कुणीतरी अडवतंच. "ताई, कालवड पेंडीला तोंड लावंना." "ताई, वासराला हगवण लागलीय." मी सांगते, त्या तसं करतात, वासरू उठतं. याने मला एक वाईट खोड लागली. चार पायांवर चालणारं काहीही समोर आलं की मला त्यातलं सगळं कळतं, असं मी धरून चालते.

अशात आमच्याकडे ससा आला.

माझी मुलगी नऊ वर्षांची. वर्षभर तिने सशाचा धोशा लावला होता. आठवडे बाजारात शेळ्यांच्या ओळीपलीकडे एक म्हातारे बाबा जाळीच्या पिंजऱ्यात ससे घेऊन बसतात. तिथून आम्ही एक राखाडी पिलू घेतलं. ओंजळीत मावेल एवढं, नाक सारखं हलणारं. बाबांनी सोबत पेंडीची एक पुडी दिली.

"हीच घाला आठ-धा दिस," ते म्हणाले. "बदलायची आसंल तर ह्यातच थोडी थोडी मिसळा. सशाचं पोट लई नाजूक आसतं, बाई."

"व्हय, व्हय," मी म्हणाले. माझं लक्ष पलीकडच्या एका गाभण गाईकडे होतं.

घरी येऊन पुडी उघडली. हिरवट, बारीक कांड्या, अर्ध्या तर भुगा झालेल्या. वास वाळल्या गवताचा. ह्याने काय अंग धरणार पिलू? मी ती पुडी सरळ कोंबड्यांपुढे ओतली. वासरांसाठी आम्ही वेगळी पेंड आणतो, काफ स्टार्टर म्हणतात तिला. तांबूस गोळ्या, उसाच्या मळीचा गोड वास. दोन महिन्यांचं वासरू त्यावर असं तकतकीत होतं की हात फिरवत राहावंसं वाटतं. लहान जनावराला लहान जनावराचंच खाणं, एवढा साधा हिशेब मी केला.

मुलगी वडिलांचा मोबाईल घेऊन मागे आली. "आई, ह्यात लिवलंय, सशाची पेंड येगळी आस्ती. पिल्लांची तर आनखीच येगळी."

"मोबाईलनं किती वासरं वाढवली गं?" मी विचारलं.

ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं तिला. आता कळतं, ती गप्प बसली कारण मी आई होते.

पिलू त्या गोळ्यांवर तुटून पडलं. "बघ," मी तिला म्हटलं. दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण भरून पेंड घातली, तिसऱ्या दिवशी दोन झाकणं. शेजारी घासाची हिरवीगार पेंढी होती. आमच्याकडे घास म्हणजे लसूणघास, सगळ्या जनावरांचं आवडतं खाणं. सशाने तिला तोंडही लावलं नाही. एखाद्या बाईने मला येऊन सांगितलं असतं की ताई, वासरू वैरण सोडून नुसती पेंड खातंय, तर मी तिला तिथेच झापलं असतं. इथे मी उभी राहून कौतुक करत होते.

चौथ्या दिवशी सकाळी धार काढून आले तर मुलगी पिंजऱ्यापाशी उकिडवी बसलेली. शाळेचा गणवेश अंगात, एक वेणी घातलेली, एक सुटलेली.

"आई, लेंड्याच न्हाईत. काल सांजच्याला झाडलं, तवापासून एक बी न्हाई."

पिलू कोपऱ्यात पाठ वाकवून बसलं होतं. नाक थांबत थांबत हलत होतं. झाकणातल्या गोळ्या तशाच. मी पोटाला बोट लावलं. ताणलेल्या पखवाजासारखं लागलं ते.

पोट फुगलेल्या वासराला आम्ही गोडेतेल पाजतो. मी तेलाची बाटली आणि औषधाची पिचकारी घेऊन आले. तेवढ्यात आमच्या ह्यांनी माझा हात धरला. हे सहसा माझ्या गोठ्यातल्या कारभारात पडत नाहीत.

"आधी डॉक्टरला इचार," ते म्हणाले.

गाईंच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून ते जवळजवळ ओरडलेच. "वहिनी, तेल नका पाजू! छातीत गेलं तर जागेवर जाईल. सशातलं मला काही कळत नाही. नगरला लहान प्राण्यांच्या डॉक्टर आहेत, तिकडे न्या. अन् बसू नका, आत्ताच निघा."

एक गाय विणार होती, म्हणून हे घरी थांबले. गाडी मीच काढली. दुधाच्या रिकाम्या क्रेटमध्ये पोतं अंथरून त्यावर पिलू ठेवलं, आणि मुलगी क्रेट मांडीवर घेऊन मागे बसली.

साखर कारखाने चालू होते. श्रीगोंद्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या, वर मोळ्या बाहेर आलेल्या. पुढे जायला जागा नाही आणि हॉर्न ऐकायला कुणाला कान नाहीत. मी स्टिअरिंगवर हात आपटला, नको ते बोलले. आरशात पाहिलं तर ती पिलावर वाकली होती.

"काय गं?"

"दात वाजिवतोय त्यो. दुखत आसंल त्येला."

त्यानंतर मी मिळेल त्या फटीतून गाडी घातली. कशी घातली ते ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पिलाला टेबलावर टॉवेलात घेतलं, पोट चाचपलं, कानाला हात लावून पाहिला. कान गार पडले होते.

"काय खायला घालत होता?"

आता हे नीट सांगायला हवं. मी मुद्दाम ठरवून काही केलं नाही. पण बाकड्यावर मांजर घेऊन एक बाई बसली होती, भिंतीवर डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं, आणि मला चार गावांतल्या बायका विचारायला येतात हे माझ्या डोक्यात होतं. तोंडातून निघून गेलं, "घास. आनि थोडं गाजर."

"पेंड? पेलेट वगैरे?"

"बाजारातनं दिलीवती ती. सशाचीच."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "त्याने एवढं फुगायला नको. दुसरं काहीच नाही? धान्य, भाकरी, जनावरांची पेंड? आठवून सांगा ताई. पोट नुसतं मंद झालं असेल तर मी त्याला आत्ता पातळ खाणं भरवणार. पण धान्याने फुगलं असेल तर भरवणं धोक्याचं आहे."

त्यांनी भांड्यात हिरवी भुकटी कालवून पिचकारीत भरायला घेतली. मी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बघत राहिले. डॉक्टरीणबाई मुलीकडे वळल्या. "तू सांग बरं. काय खायचा हा?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही सांगून टाकणार. सांगून टाकलं असतं तर मला तेव्हा बरंच वाटलं असतं.

"घासच," ती म्हणाली. "घासच खायचा."

टेबलावर तिचा जीव पडला होता, आणि ती माझी लाज राखत होती. नऊ वर्षांची पोर. असं मला आयुष्यात कधी कुणी उघडं पाडलं नाही.

"खोटं हाय," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की बाकड्यावरचं मांजर दचकलं. "तिचं न्हाई, माझं खोटं हाय. वासराची पेंड घातली मी. तीन दिस. तिनं नको म्हनून सांगितलंवतं."

डॉक्टरीणबाईंनी भरलेली पिचकारी बाजूला ठेवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाल्या, "काही पेंडींत वासरांचं औषध मिसळलेलं असतं. पोत्यावरची चिठ्ठी बघायला मिळेल का?"

ह्यांना फोन केला. गोठ्यातून धावत जाऊन त्यांनी पोत्याच्या शिवणीतल्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. पहिला हलला होता, पुन्हा पाठवायला लावला. मका, भुसा, मळी, क्षार. डॉक्टरीणबाईंनी बोटाने मोठा करून शेवटपर्यंत वाचला.

"औषध नाही," त्या म्हणाल्या. "पण मका आणि मळीच जवळजवळ. ह्याच्या पोटात आंबलंय सगळं."

मग इंजेक्शन झालं, कातडीखाली सलाईन झालं, कुशीला गरम पाण्याची बाटली ठेवली. आता वाट बघायची, त्या म्हणाल्या. आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. दुपार कलायला लागली. मी डबा उघडला, तिने खाल्लं नाही, मीही नाही. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. चुकलं माझं, एवढंच. दोन शब्द. ते निघाले नाहीत. त्याऐवजी मी तिची सुटलेली वेणी घालून दिली. तिने घालू दिली.

चारच्या सुमाराला ती एकदम उठली. "आई! टाकली!"

टॉवेलावर एक लेंडी होती. बारकी, वेडीवाकडी, ओलसर. मग दुसरी. गोठ्यात मी आयुष्यभर शेण काढत आले आहे, पण ते पाहून रडू फुटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. फुटलं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी समजावलं. खरं खाणं म्हणजे वाळलेलं गवत, ते चोवीस तास पुढे असावं. पेंड जोडीला, मोजून. कांड्या सगळ्या एकसारख्या हव्यात, त्यात मक्याचे दाणे, बिया, रंगीत तुकडे नकोत, कारण पिलू गोड तेवढं वेचून खातं. फायबर, म्हणजे चोथा, किती ते आधी बघायचं. सहा महिन्यांपर्यंत पिल्लांची, घासाची पेंड, पुढे मोठ्यांची, गवताची. "आणि बदलायची ती आठ-दहा दिवस मिसळून," त्या म्हणाल्या. हेच बाजारातल्या बाबांनी सांगितलं होतं. हेच मी गाईंसाठी बायकांना सांगत आले आहे.

कोपऱ्यावरच पाळीव प्राण्यांचं दुकान होतं. सशाच्या पेंडीच्या तीन पिशव्या निघाल्या. एक भलतीच देखणी, आतून लाल-पिवळे तुकडे दिसत होते. मुलीने ती बघितलीही नाही. उरलेल्या दोन हिरवट, साध्या, एकसारख्या कांड्यांच्या. कोंबड्यांना घातलेल्या पुडीतल्या होत्या तशाच. मी चष्मा लावला आणि एक पिशवी उजेडात धरून वाचायला घेतली. पिल्लांसाठी. लसूणघास. फायबर किती ते. मका नाही, मळी नाही. मोठ्याने वाचलं, तिला ऐकू जावं म्हणून.

"हीच घ्यायची," मी म्हणाले.

तिने क्रेट काउंटरवर ठेवला. पिशवी माझ्या हातातून घेतली. आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, सगळं पुन्हा स्वतः वाचलं. शेवटपर्यंत. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. लहान पोर, आईचं वाचलेलं तपासतेय, त्याला गंमत वाटली.

"बरोबर वाचलंस," ती मला म्हणाली.

पिलू आता मोठं झालंय, चांगलं दोन हातांत न मावणारं. त्याला पेंड मुलगी स्वतःच घालते, डबा तिच्या दप्तराच्या कप्प्याशेजारी असतो. नवी पिशवी आणली की आधी मी वाचते, मग ती वाचते. मी कधी म्हणत नाही की मी वाचलंय ना. तो हक्क मी त्या टेबलापाशी घालवला.