मामेसासऱ्यांच्या विमानाचा विमा

स्कूटरवरून येऊन विमानाचा विमा मागणारा माणूस अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. डहाणूत स्टेशनच्या बाजूला माझं छोटंसं ऑफिस आहे. मोटरसायकली, टेम्पो, ट्रॅक्टर, मासेमारीच्या बोटी, झालंच तर माणसं, अशा जमिनीवरच्या आणि पाण्यावरच्या गोष्टींचे विमे मी काढतो. हवेशी माझा संबंध छताच्या पंख्यापुरता. पण मामा समोरच्या खुर्चीत बसले आणि बोटीचा विमा मागावा इतक्या सहजपणे म्हणाले, "जावईबुवा, आपलं विमान उघडं पडलंय. काहीतरी स्वस्तातलं बघा."

मामांचं घराणं समुद्रावरचं. वडील, चुलते, भाऊ सगळे बोटीवर. मामांनी बोटी सांभाळता सांभाळता बर्फाचा कारखाना काढला, भरभराटीला आणला आणि वय व्हायला लागल्यावर विकून टाकला. अशा वेळी माणसं तीर्थयात्रेला जातात, नाहीतर घरावर मजला चढवतात. मामा विमान चालवायला शिकले, रीतसर लायसन्स मिळवलं आणि एका फ्लाइंग क्लबला नकोसं झालेलं चार जणांचं जुनं विमान विकत घेतलं. ते ठेवायला डहाणूत जागा कुठली? तलासरी गेली, झरी मागे पडली की रस्ता गुजरातेत शिरतो. तिथे पुढे एका शेठची खासगी धावपट्टी आहे, तिच्या कडेला ते दोरांनी बांधून उभं असायचं. "बोट दारात आणि विमान परराज्यात," मामी म्हणायच्या. "दुसरा संसारच म्हणा ना!"

विमान आल्यापासून मामांचं जमिनीवरचं वागणंही हवाई झालं. उडण्याआधी वैमानिक एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत तपासतो म्हणे. मामा ते स्कूटरला करायचे. भर बाजारात, मागे मामी मासळीची टोपली घेऊन बसलेल्या आणि मामांचं चालू, "पेट्रोल ठीक, ब्रेक ठीक, आरसा ठीक, मागची सवारी?" "बसलीय हो! चला आता, पापलेट उठून चालायला लागेल!" दुसरी सवय म्हणजे वरून दिसलेल्या गोष्टींची खबर गावाला देणं. सरावलीच्या एका गृहस्थांना मामांनी त्यांच्याच मुलीच्या साखरपुड्यात, पंगतीत वाढता वाढता सांगितलं, "तुमच्या मागच्या पडवीचं कौल सरकलंय, आणि पाण्याच्या टाकीवर झाकण नाही." गृहस्थ जेवण अर्धं टाकून उठले. किनाऱ्यावर कोणाचे वाळत घातलेले बोंबील वाऱ्याने खाली पडलेत, कोणाच्या चिकूवाडीत पाइप फुटलाय, हे मालकाच्या आधी मामांना कळायचं. लोक चिडायचे आणि नंतर हळूच फोन करून विचारायचे, "आज उडणार असलात तर आमच्या पत्र्यांकडेही बघाल का?"

तिसरी सवय मात्र धोक्याची होती. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर दिसला की मामा दोन्ही हात सोडून तिला मनापासून नमस्कार करायचे. मी शेजारी बसलो होतो म्हणून सांगतो, त्या क्षणी देवीला माझ्याइतकं कळवळून दुसऱ्या कोणी हाक मारली नसेल. "अहो, विमान सरळच जातं," मामा शांतपणे म्हणाले, "देवी सांभाळते." मी घरी येऊन हा प्रसंग सांगितला आणि मामींनी त्याच दिवशी जाहीर केलं, "हात सोडणाऱ्या माणसाच्या विमानात मी बसायची नाही." आणि खरंच त्या बरीच वर्षं बसल्या नाहीत.

तर असं हे विमान उघडं पडलं होतं, कारण आधीच्या कंपनीने विम्याचं नूतनीकरण नाकारलं. विमान म्हातारं, वैमानिक म्हातारा, असं त्यांनी सभ्य भाषेत कळवलं. विमा नसेल तर उडायचं नाही, हा कायदा. आणि विमा नसलेलं विमान माझ्या जागेत नको, हा शेठचा निरोप. मी फोन लावायला सुरुवात केली. एका ऑफिसातल्या बाईंनी प्रेमाने विचारलं, "कुठे जाणार आहात? एकेरी की परतीचं?" त्यांना वाटलं, मी प्रवासाचा विमा मागतोय. दुसऱ्या ठिकाणी एका साहेबांनी चेसिस नंबर मागितला आणि गाडी खासगी की टॅक्सी ते विचारलं. तिसऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, सकाळी सकाळी मस्करी करता काय?"

शेवटी मुंबईच्या एक ब्रोकरबाई भेटल्या. त्या फक्त विमानांचे आणि जहाजांचे विमे काढायच्या. त्यांनी सांगितलेला पहिला आकडा ऐकून मामी मटकन बसल्या. बाईंनी मग समजावलं: विमान उघड्यावर उभं आहे, वैमानिकाचं वय झालंय, आणि मालकाने विमानाची किंमत भलतीच मोठी लिहिलीय. किंमत कमी धरली की हप्ताही कमी. त्यासाठी त्या किंमत ठरवणारे एक सर्व्हेअर पाठवणार होत्या.

सर्व्हेअर आले त्या दिवशी आम्ही सगळे धावपट्टीवर हजर होतो. मामांनी विमान लग्नघरातल्या पितळी समईसारखं घासून ठेवलं होतं. सर्व्हेअरांनी पंख ठोकले, चाकं पाहिली, इंजिनात डोकं घातलं आणि एक किंमत सांगितली. आमच्या दृष्टीने ती सुंदर होती, कारण फार कमी होती. मी मनातल्या मनात देवीला नारळ बोललो. तेवढ्यात मामा कडाडले, "काय? हे काय भंगार वाटलं तुम्हाला? जरा वाढवा!"

"काका, वाढवली तर हप्ता वाढेल."

"वाढू दे! विमानाची अब्रू आहे की नाही?"

मामींनी पदर खोचला. मासळीच्या बाजारात आयुष्य गेलेली बाई. भाव करायची वेळ आली की त्या आपोआप गुजरातीत शिरतात. "भाई, एटला बधा? एवढे? वाजबी करो ने! जरा बघा तरी, रंग उडालाय, सीट फाटलीय, काच खरवडलीय."

"सीट फाटलेली नाही, उसवलीय!" मामा.

"आणि उजवं चाक बसकं आहे."

"ते विमान उतारावर उभं आहे म्हणून!"

मालक स्वतःचा हप्ता वाढवायला भांडतोय आणि मालकीण स्वतःच्या मालाला नावं ठेवतेय, असा तमाशा त्या सज्जन माणसाने कधी पाहिला नव्हता. तासाभराने मधला आकडा ठरला आणि मामींनी जिंकल्यासारखा चहा मागवला. शेठलाही एवढी करमणूक झाली की विमानासाठी आपली पत्र्याची शेड देतो म्हणाला. शेडमुळे हप्ता आणखी उतरला.

पण एक अट राहिलीच. ब्रोकरबाईंनी ती फोनवर फार हळुवारपणे सांगितली. यापुढे मामांनी एकट्याने उडायचं नाही. शेजारी प्रशिक्षक वैमानिक हवा. तर आणि तरच हा हप्ता.

 मामा स्कूटरवर बसले आणि काहीही न तपासता निघून गेले. तेव्हा मामी पहिल्यांदा घाबरल्या. संध्याकाळी मी शोधत गेलो, तर मामा किनाऱ्यावर वर ओढलेल्या एका होडीला टेकून बसले होते.

"विकून टाकू म्हणतो," ते म्हणाले. "एकट्याने उडण्यातच तर सगळं होतं, जावईबुवा. खाली मी कोणाचा मामा, कोणाचा भाऊ, कोणाचा शेठ. वर मी कोणाचा कोणी नाही."

 मामी मागून कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "शेजारी कोणी शहाणं बसणार असेल, तर मी मागे बसेन."

मामांनी वळून पाहिलं.  मग उठून धोतराची वाळू झटकली आणि मला म्हणाले, "सही कुठे करायची?"

प्रशिक्षक म्हणून एक कॅप्टनबाई आल्या, चाळिशीच्या, कडक. पहिल्याच रविवारी विमान डोंगराजवळ पोचलं तेव्हा त्यांनी मामांना बजावलं, "काका, नमस्कार मनातल्या मनात." मागे मामी माझा हात घट्ट धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. समुद्रावर आल्यावर त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि एकदम ओरडल्या, "अगं बाई, आपली बोट! आणि बघा, भाऊजी झोपलेत बोटीवर!" उतरल्याबरोबर त्यांनी पहिलं काम केलं ते धाकट्या दिरांना फोन करून झापण्याचं. पुढे तर मामांआधी त्याच तयार होऊन बसू लागल्या.

यंदाच्या नूतनीकरणाला हप्ता कधी नव्हे इतका खाली आला. मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गुडघे कुरकुरतात. वर्षातले बरेच महिने विमान शेडमध्येच असतं, म्हणून तेवढ्या काळापुरता फक्त उभ्या विमानाचा विमा पुरतो. मी आनंदाने पेढे घेऊन मामांच्या घरी गेलो. मामींनी पेढा तोंडात टाकला. मामांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला आणि विचारलं, "स्वस्त झाला, म्हणजे आपण कमी उडतो, असंच ना?"

मी पेढ्याच्या बॉक्सचं झाकण उगाच लावत बसलो.

"असू दे," मामा म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग अंगणात जाऊन उन्हात डोळे बारीक करून आभाळाकडे बघत राहिले. "रविवारी हवा बरी वाटतेय. कॅप्टनबाईंना विचारून बघा, वेळ आहे का."