आईच्या खुब्यातला थर

कारखान्यात त्यांना सगळे मोजेमास्तर म्हणत, कारण हातमोज्यांशिवाय त्यांना कोणी पाहिलेलंच नव्हतं. काम होतं कृत्रिम खुब्याच्या धातूच्या दांड्यांवर पांढरी भुकटी फवारायचं. हाडात असतो त्याच क्षाराची ही भुकटी. तापलेल्या झोतातून ती दांड्यावर बसते आणि मग हाड त्या धातूला परका न समजता घट्ट धरतं. मात्र ताज्या थराला उघडं बोट लागलं, की दांडा बाद. त्यामुळे बावीस वर्षं मास्तरांच्या तोंडी एकच वाक्य, "हात लावू नका." घरीसुद्धा. बायकोने धुतलेल्या कपबश्या, शेजारचं तान्हं बाळ, काहीच त्यातून सुटलं नाही.

मग आई पडली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रियेच्या दिवशी मास्तरांनी आईला बसवायच्या खुब्याच्या खोक्यावरचा क्रमांक वाचला आणि त्यांना घाम फुटला. दांडा त्यांच्याच हातचा होता. सगळ्या तपासण्यांत पास झालेला, पण आता मास्तरांचा स्वतःवर काडीचा विश्वास उरला नाही. हाडाने तो धरला नाही तर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि ऐंशीव्या वर्षी ती आईला झेपली नसती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, उठा. चालायचंय."

मास्तर आडवे आले. "ताजा थर आहे, डॉक्टर. धक्का लागायला नको."

"मी काय रंग दिलेलं दार आहे का रे?" आई म्हणाली आणि वॉकर त्यांच्या पायावरून नेत निघाली.

पुढचे सहा आठवडे मास्तर हातमोजे घालून, दोन्ही हात पसरून, पण तिला न शिवता तिच्या मागे फिरले. आई संडासला निघाली तरी मिरवणूक निघे. शेजारी हसून बेजार झाले.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "केसभरही हललेला नाही. हाडाने छान धरलाय."

मास्तर मटकन खुर्चीत बसले आणि चक्क रडले. हातमोज्यांनी डोळे काही पुसले जाईनात.

"काढ ते," आई म्हणाली. त्यांनी काढले. तिने हात पुढे केला. "हाडाने धरलं म्हणे. आता तू धर."

त्यांनी जो धरला, तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. दाराशी किल्लीसाठी त्यांच्या खिशात हात घातला तो बायकोने, आणि मास्तरांच्या तोंडून "हात लावू नका" निघालं नाही.