जावयाचं कोरं घड्याळ

आम्ही जुनी घड्याळं जमवणारे लोक तसे वाईटच. कुणाचे आजोबा गेल्याचं कळलं की आमच्या डोळ्यांपुढे आधी त्यांचं मनगट येतं. तेराव्याच्या आधी जाणं बरं दिसत नाही म्हणून थांबतो इतकंच.

मी वराळ्याला राहतो. आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आणणाऱ्याने एकदा माझ्या टेबलावरची घड्याळं पाहिली आणि म्हणाला, "परंदवडीला आमच्या आत्याकडं हाय असलं एक. लग्नातलं. पन आजवर कुनी घातलंच न्हाई."

वापरलेली घड्याळं माझ्याकडे पेटीभर आहेत. कोरं एकही नव्हतं. कोरं म्हणजे जे एकदाही मनगटावर चढलं नाही ते. एकदा बकल लागलं, पट्ट्याला घडी पडली, की संपलं. मग ते नुसतं जुनं घड्याळ. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मोटरसायकल काढली.

स्लॅबचं घर होतं, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत खाटेवर एक म्हातारा पडलेला होता. डावं अंग लकव्याने गेलेलं, वाचाही गेलेली, पण नजर जागी. खाटेशेजारी म्हातारी पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी कशाला आलो ते सांगितल्यावर ती आत गेली आणि पदराने पुसत एक लहान डबी घेऊन आली.

डबी उघडल्यावर मी हरखलो, खोटं कशाला बोलू? चावीचं घड्याळ, पांढरी तबकडी, काचेवर एक ओरखडा नाही. तपकिरी पट्टा दुकानातून आला तसाच ताठ. बकलाला दोऱ्याने बांधलेली किमतीची चिठ्ठीसुद्धा जागेवर.

"मावशी, हे खरंच कुणी घातलं नाही?"

"न्हाई," ती म्हणाली आणि खाटेकडे बघितलं. "ह्यांनी घातलं न्हाई. आन दुसऱ्या कुनाला घालू दिलं न्हाई."

मग तिने सगळं सांगितलं. शेंगा सोलता सोलता, आवाज न चढवता, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या कानाशी बसून.

लग्न वराळ्याला होतं, तिच्या माहेरी. नवरदेव लग्न लागण्याआधी परण्याला मारुतीच्या देवळात बसला तो उठेचना. घड्याळ पाहिजे. लग्नाच्या बोलण्यांत घड्याळ ठरलेलं नव्हतं. वाजंत्री वाजवून वाजवून थकले, मांडवातली माणसं ताटकळली. तेव्हा तिचा बाप तसाच घोरावाडी स्टेशनला पळत गेला, लोणावळ्याची गाडी पकडली आणि तिथल्या दुकानातून हे घड्याळ घेऊन आला. मुहूर्त केव्हाच टळून गेला होता. नवरदेवाने डबी उघडली. त्याला सोनेरी पाहिजे होतं, तारीख दाखवणारं. हे पांढरं, बिनतारखेचं. वडीलधाऱ्यांनी दटावलं म्हणून तो बोहल्यावर उभा राहिला, पण म्हणाला, हे मनगटाला लावणार नाही.

"तितंच मिटलं असतं तर बरं झालं असतं," म्हातारी म्हणाली. "पन धोंड्याचा म्हैना यायचा."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवून जेवू घालतात, मान देतात. हा जायचा. न चुकता जायचा. खिशात ही डबी घेऊन. पंगत बसली, अनारशांचं ताट पुढे आलं, की हा डबी काढायचा, उघडायचा, सगळ्यांना दिसेल अशी पाटाशेजारी ठेवायचा. आणि सासऱ्याला विचारायचा, "आबा, किती वाजलं?"

सासऱ्याकडे घड्याळ नव्हतं. तो उठायचा, अंगणात जायचा, वर उन्हाकडे बघायचा आणि आत येऊन सांगायचा. पंगत हसायची. मग हा डबी मिटून खिशात घालायचा आणि जेवायला लागायचा. दर धोंड्याला हेच. शेवटी तर सासऱ्याला दिसत नव्हतं, तरी तो भिंतीला धरून अंगणात जायचा.

"माजा बाप गेला, पन ह्यांच्या हाताला घड्याळ काय बगितलं न्हाई त्यानं."

मी हळहळल्यासारखं तोंड केलं. खरं सांगायचं तर माझं लक्ष पट्ट्याच्या भोकांकडे होतं. एकही भोक ताणलेलं नव्हतं. त्या माणसाने इतका छळ केला नसता तर हे घड्याळ कोरं राहिलं नसतं, आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात त्याचे आभारच मानत होतो.

"न्या तुमी," ती म्हणाली. "पैशाचं मागनं बगू. पन आदी चालू करा. आन ह्यांच्या हाताला बांदा. मला हाताच्या कापऱ्यानं जमत न्हाई."

माझ्या काळजात चर्र झालं, तेही पट्ट्यासाठी. "मावशी, कातडं वाळलंय. वाकवलं तर तडकेल."

"तडकू द्या."

"चावीही देऊ नये. आत तेल सुकलेलं असणार."

"मग ठेवा हितं आन जा."

मी चावी दिली. दोन-चार फेऱ्यांत मशीन जागं झालं, टिकटिक सुरू झाली. मी वेळ लावली आणि खाटेपाशी गुडघ्यावर बसलो. म्हाताऱ्याला सगळं कळत होतं. घशातून आवाज काढत तो मान हलवत होता. त्याचा डावा हात निर्जीव, तो कुठे काढून घेणार? उजवा मात्र सरसावून आला. म्हातारीने तो धरला आणि आपल्या मांडीखाली दाबून बसली. मी बकल लावलं. पट्टा बारीक आवाज करत तडकला.

ती पुढे वाकली. "अवं, किती वाजलं?"

त्याने तोंड फिरवलं, पडवीबाहेर, उन्हाकडे. तिने हनुवटीला धरून ते परत वळवलं. "तितं न्हाई. हातावर बगा. किती वाजलं?"

त्याने बघितलं. ओठ हलले, लाळ गळली. तिने पदराने ती नीट पुसली आणि पुन्हा विचारलं. किती वेळा, ते मी मोजलं नाही. शेवटी त्याचं घशातलं ओरडणं थांबलं. तेव्हा तिने त्याचा उजवा हात सोडला.

तो हात सरळ घड्याळावर गेला. मला वाटलं, ओरबाडून काढतोय. पण त्याने तळवा त्यावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला, मुलाने खाऊ लपवावा तसा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आता पायजेल व्हय?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काडा भाऊ. न्या."

मी एकेक बोट उचकटलं. बोटांत चांगलाच जोर होता. घड्याळ काढून डबीत ठेवलं, डबी वरच्या खिशात. आता ते कोरं नव्हतं, तडकलेल्या पट्ट्याचं एक जुनं घड्याळ होतं, तरी ते तिथे ठेवून यायचं माझ्या मनात आलं नाही.

पायरीवर बसून मी बूट घालत होतो. खिशात टिकटिक चालू होती. मागे पावट्याची शेंग मोडल्याचा आवाज आला, आणि मग तिचा, अगदी मायेने विचारावं तसा,

"अवं, किती वाजलं?"